कुत्र्या-मांजरांना सीबीडी तेल देताना: बाटली वाचण्यापासून मात्रा मोजण्यापर्यंत

माझ्या फडताळात दोन बाटल्या आहेत. दोन्ही काळपट काचेच्या, दोन्हींना ड्रॉपर, दोन्हींवर तेच सात बोटांचं हिरवं पान. एकीत सीबीडी आहे, म्हणजे भांगेच्या झाडातला नशा न आणणारा घटक, दुसरीत तो जवळजवळ शून्य. हे कळायला मला दोन महिने लागले.

आमचा बंड्या तेरा वर्षांचा गावठी कुत्रा, वजन अठरा किलो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. गेल्या वर्षी तो तिसऱ्या पायरीवर थांबून मागे वळून बघायला लागला. न्यू जर्सीची वहिनी म्हणाली, "अगं, आमच्या इथे सगळे सीबीडी देतात, तू पण आण." मी एका दुकानात जाऊन "पेट्ससाठी हेम्प ऑइल" मागितलं, त्यांनी दिलं. रोज सकाळ-संध्याकाळ दहा थेंब. फरक शून्य. मग एका रात्री चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं, तर घटक एकच होता: भांगेच्या बियांचं तेल. बियांच्या तेलात ओमेगा स्निग्धाम्लं चांगली असतात, केस तुकतुकीत होतात, पण सांध्यांसाठी ज्याची चर्चा चालते ते त्यात नसतं. आपल्याकडे २०२१ मध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) भांगेचं बी आणि त्याचं तेल खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं. ते तेल कुणीही विकू शकतं ते म्हणूनच. सीबीडीच्या तेलाचं तसं नाही.

त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी पशुवैद्य नाही. आकडे आहेत ते प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांमधले, आणि तुमच्या जनावराची मात्रा त्याला तपासलेले डॉक्टरच ठरवतील.

आधी दुखणं कोणतं ते ठरू द्या

डॉक्टरांकडे गेल्यावर मी सीबीडीबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, आधी रक्त काढू. लंगडतोय म्हणजे दर वेळी संधिवातच असतो असं नाही." आपल्याकडे हे फार खरं आहे. गोचिडतापामुळे, विशेषतः एर्लिचियामुळे, सांधे सुजतात, कुत्रा लंगडतो, मलूल होतो. त्याला ठरावीक प्रतिजैविक लागतं. अशा कुत्र्याला तुम्ही महागडं तेल पाजत बसलात तर तिकडे प्लेटलेट घसरत राहतात. हाडाचा कॅन्सर, मणक्याची चकती, गुडघ्यातला तुटलेला लिगामेंट, या सगळ्यांची सुरुवात पायरीवर थांबण्यानेच होऊ शकते.

म्हणून तेल घ्यायच्या आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), गोचिडतापाची तपासणी, लिव्हर आणि किडनीचे रिपोर्ट, आणि लागला तर एक्स-रे. लिव्हरचे आकडे नीट जपून ठेवा, ते पुढे लागणार आहेत. शहरात खासगी दवाखान्यात हे होतंच. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. नागपूर, शिरवळ इथल्या महाविद्यालयांच्या दवाखान्यांतही तपासण्या होतात.

सीबीडी कशावर चालतं याची कल्पनाही आधीच स्पष्ट हवी. सगळ्यात बरा पुरावा कुत्र्यांच्या संधिवातावर आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१८ च्या चाचणीत किलोमागे २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चार आठवडे दिल्यावर कुत्र्यांचं दुखणं कमी झालेलं दिसलं आणि हालचाल वाढली. चाचणी छोटी होती, कुत्रे वीसच्या आसपास. फिट्सवर कोलोरॅडोमध्ये २०१९ मध्ये चाचणी झाली. तिथे २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, नेहमीच्या औषधांच्या जोडीला, बारा आठवडे दिलं. फिट्सची संख्या मध्यमानाने ३३ टक्के उतरली, पण ज्यांच्या फिट्स निम्म्यावर आल्या असे कुत्रे सीबीडी दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत सारखेच निघाले. म्हणजे आशा आहे, चमत्कार नाही. अ‍ॅलर्जीच्या खाजेवर झालेल्या एका चाचणीत खाज कमी झाली, कातडीवरच्या जखमा मात्र तशाच राहिल्या.

आणि फटाके. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सीबीडी तेलाची जी विचारपूस सुरू होते त्याबद्दल सांगते. आवाजाच्या भीतीवर सीबीडीचा खाऊ देऊन केलेल्या एका चाचणीत काही परिणाम दिसला नाही. गाडीचा प्रवास आणि घरी एकटं राहणं यावर दुसरी चाचणी झाली, त्यात प्रसंगाच्या दोन तास आधी किलोमागे ४ मिलिग्रॅमचा एकच मोठा डोस दिल्यावर ताणाची काही लक्षणं उतरली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाच थेंब जिभेवर टाकून काही होणार नाही. कुत्रा खरंच थरथरत पलंगाखाली शिरत असेल तर दसऱ्यालाच डॉक्टरांशी बोला, भीतीवर चालणारी दुसरी औषधं आहेत आणि त्यांची मात्राही आधी घरी एकदा देऊन बघावी लागते.

कुणाला देऊच नये

पिल्लांना, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला, लिव्हर आधीच बिघडलेल्या जनावराला नको. ऑपरेशन किंवा भूल ठरली असेल तर डॉक्टरांना सांगून थांबवा. ससे, पोपट, हॅमस्टर यांच्यासाठी मात्रा सांगण्याइतकी माहितीच नाही, तिथे प्रयोग करू नका. गाय-म्हैस-शेळीला तर अजिबात नाही, ते पुढे दुधात येईल.

दुसरी औषधं चालू असतील तर सगळी यादी डॉक्टरांपुढे ठेवा. सीबीडी लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमांना आडवं येतं, त्याच एन्झाइमांवर कितीतरी औषधांचा निचरा अवलंबून असतो. फिट्सची फेनोबार्बिटोन, स्टेरॉइड, सायक्लोस्पोरिन, हृदयाची औषधं, मेलॉक्सिकॅमसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या, सगळं सांगायचं, आयुर्वेदिक लिव्हर टॉनिकसुद्धा. आणि फिट्सची गोळी "आता तेल चालू आहे" म्हणून स्वतःहून कमी करायची नाही. अचानक बंद केलेल्या फेनोबार्बिटोननंतर येणाऱ्या फिट्स थांबता थांबत नाहीत.

बाटली वाचायची कशी

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची असती तर ती ही: भारतात बाटली हातात घेतल्यावर पहिला प्रश्न "सीबीडी किती?" हा नसून "टीएचसी किती?" हा आहे. टीएचसी म्हणजे याच झाडातला नशा आणणारा घटक.

अमेरिकेतला सल्ला वाचून आपण इथली बाटली विकत घेतो आणि तिथेच घोळ होतो. तिथल्या २०१८ च्या कायद्याने हेम्प म्हणजे ०.३ टक्क्यापर्यंतच टीएचसी असलेलं भांगेचं पीक. वहिनीच्या बाटलीत नशा आणणारा घटक मुळातच नगण्य आहे. आपल्याकडची गोष्ट निराळी. १९८५ च्या एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांभोवती आहे, शेंड्यांशिवायची पानं तिच्यातून वगळली आहेत. त्या वाटेने पानांचा अर्क आयुर्वेदिक परवान्याखाली "विजया" या भांगेच्या आयुर्वेदिक नावाने तेलात येतो. हे कायदेशीर आहे. पण आपल्याकडची पानं बहुतेक वेळा भांगेचीच असतात, आणि भांगेत टीएचसी असतं म्हणूनच तर ती चढते. त्यामुळे विजया तेलांत सीबीडी जास्त असलेलं, दोन्ही समसमान असलेलं आणि टीएचसीच जास्त असलेलं, असे सगळे प्रकार मिळतात. माणसाला कॅन्सरच्या दुखण्यात डॉक्टर ते विचारपूर्वक देतात. कुत्र्याच्या मेंदूत, विशेषतः तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत, टीएचसी जिथे जाऊन बसतं त्या जागा माणसापेक्षा पुष्कळ जास्त आहेत. आपल्याला जेमतेम डुलकी येईल एवढ्यात तो झोकांड्या खातो.

आता लेबल. "विजया पत्र अर्क १५०० मिग्रॅ" असं लिहिलं असेल तर ते १५०० मिलिग्रॅम सीबीडी नव्हे. ते अर्काचं वजन आहे. त्या अर्कात सीबीडी किती, टीएचसी किती, हे फक्त लॅबच्या विश्लेषण प्रमाणपत्रात कळतं. विक्रेत्याकडे ते मागा. बाटलीवरचा बॅच नंबर आणि प्रमाणपत्रावरचा बॅच नंबर एकच हवा. दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी बॅचचं सुंदर प्रमाणपत्र सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याची पद्धत मी स्वतः अनुभवली आहे. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त आहे का ते बघा. टीएचसीच्या ओळीसमोर "आढळले नाही" असं हवं, किंवा आकडा अगदी किरकोळ हवा. त्याखाली टीएचसीए नावाची ओळ असेल तर तीही वाचा, कारण गरम झाल्यावर त्याचंच टीएचसी होतं. हे झाड जमिनीतले जड धातू भरपूर शोषून घेतं, म्हणून शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा आणि कीटकनाशकं यांचे आकडेही त्या कागदावर हवेत.

प्रमाणपत्र द्यायला "कंपनीचं गुपित आहे" म्हणून नकार आला तर दुकानातून बाहेर या.

घटकांत आणखी काही लपलेलं नाही ना, हेही पाहा. गोडव्यासाठी झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष आहे, साखर झपाट्याने उतरते आणि लिव्हर जातं. पेपरमिंट, टी ट्री अशी सुगंधी तेलं मांजराला चालत नाहीत, तिच्या लिव्हरला ती नीट मोडता येत नाहीत. साधं खोबरेल किंवा एमसीटी (खोबरेलातूनच वेगळं काढलेलं) तेलातलं, बिनस्वादाचं सीबीडी सगळ्यात बरं. माणसासाठीच्या सीबीडी चॉकलेट-गमीज तर नकोच.

कागदोपत्री आणखी एक गोष्ट. आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या सरकारी यादीत भांग आहे, त्यामुळे अशा औषधावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" ही सूचना छापावी लागते. आयुष परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, ही सूचना, यांतलं काही नसेल तर ती बाटली कुणाच्या तरी मोरीत भरलेली असू शकते. चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला "येताना एक बाटली घेऊन ये" असं सांगू नका, विमानतळावर त्याच्या बॅगेतल्या तेलाचं कायदेशीर वर्गीकरण तो सामान तपासणाऱ्याला समजावत बसेल. हेच आपण आखातात जाताना नेण्याबद्दल, तिथले कायदे तर फारच कडक आहेत.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी दोन ओळी. अमेरिकेत एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) माणसाच्या फिट्ससाठी २०१८ मध्ये एक सीबीडी औषध मंजूर केलं, जनावरांसाठी मात्र एकही नाही; दुकानात "व्हेट अप्रूव्ह्ड" लिहिलेलं दिसलं तरी त्याचा अर्थ तेवढाच. ब्रिटनमध्ये २०१८ पासून जनावरासाठीचं सीबीडी हे औषध मानलं जातं, ते पशुवैद्याच्या चिठ्ठीवरच द्यायचं.

हिशेब: ड्रॉपर बाजूला ठेवा

यात अवघड काही नाही, पाचवीचं गणित आहे. बाटलीतलं एकूण सीबीडी भागिले एकूण मिली, म्हणजे एका मिलीत किती. ३० मिलीच्या बाटलीत ९०० मिलिग्रॅम सीबीडी असेल तर एका मिलीत ३०. प्रमाणपत्रावर टक्के दिले असतील तर ३ टक्के म्हणजे एका ग्रॅममध्ये ३० मिलिग्रॅम. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे एका मिलीत थोडं कमी, साधारण २८.

चाचण्यांमधली मात्रा किलोमागे २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. सुरुवात मात्र तिच्या चौथाईने करायची, म्हणजे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. बंड्याचा हिशेब असा: अठरा किलोला ९ मिलिग्रॅम. मिलीत ३० असलेल्या तेलाचे ०.३ मिली. सकाळी एकदा, रात्री एकदा. एका आठवड्याने त्रास नसेल तर दुप्पट, ०.६ मिली. मग गरज वाटली आणि डॉक्टर हो म्हणाले तरच आणखी वर. पूर्ण मात्रेला १.२ मिली लागतात, दिवसाला २.४ मिली, म्हणजे ती बाटली साडेबारा दिवसांत संपते. हा खर्च आधीच कागदावर मांडून बघा. बाटलीवर छापलेले "रोज पाच थेंब" आणि चाचणीतली मात्रा यांत केवढी तफावत आहे तेही तिथेच दिसतं: पाच थेंबांत बंड्याला जेमतेम ७ मिलिग्रॅम मिळाले असते.

आता हाच हिशेब समसमान तेलाचा करून बघा. ज्यात सीबीडीएवढंच टीएचसी आहे, त्या तेलाच्या पहिल्याच चौथाई मात्रेत बंड्याच्या पोटात ९ मिलिग्रॅम टीएचसी गेलं असतं. तेवढ्यावर अठरा किलोचा कुत्रा लटपटू शकतो. पूर्ण मात्रेला ३६. मात्रा मोजण्यात तुम्ही कितीही काटेकोर असलात तरी बाटलीच चुकली असेल तर त्याचा उपयोग नाही.

मोजायला ड्रॉपर नको. तेलाचा थेंब पाण्यासारखा नसतो, ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. औषधाच्या दुकानात सुई नसलेली १ मिलीची सिरिंज मिळते, ती घ्या. पण इन्सुलिनची सिरिंज उचलू नका, किंवा उचललीत तर खुणा बघा. आपल्याकडे लाल टोपणाच्या सिरिंजवर १ मिलीला ४० खुणा असतात, नारिंगी टोपणाच्या सिरिंजवर १००. त्या खुणा मिलीच्या नसून युनिटच्या आहेत. "तीस" म्हणून लाल सिरिंज भरली तर ०.३ ऐवजी ०.७५ मिली गेलं, अडीचपट. ज्यावर ०.१, ०.२ असं छापलंय तीच हवी.

मांजराला हिशेब आणखी नाजूक. चार किलोच्या मांजरीला सुरुवातीला २ मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या तेलाचे ०.०७ मिली, ते अचूक मोजताच येत नाही. तिच्यासाठी मिलीत १० मिलिग्रॅम असलेलं पातळ तेल घ्या, म्हणजे ०.२ मिली होईल. मांजरांवर अभ्यासही कमी आहे. त्यांच्या शरीरात कुत्र्यांपेक्षा कमी सीबीडी शोषलं जातं, आणि तेल दिल्यावर सारखं तोंड चाटणं, डोकं झटकणं असं दिसलं आहे. तोंडात तेल सोडलंत की फेस काढून घरभर पळेल आणि पुढचे चार दिवस तुमच्या हातून पाणीही पिणार नाही. ओल्या खाण्यात, माशाच्या रश्शाच्या चमचाभर भागात मिसळून बघा.

द्यायचं कसं

पोटात अन्न असताना सीबीडी जास्त चांगलं शोषलं जातं, रिकाम्या पोटी बरंचसं वाया जातं. म्हणून जेवणासोबत आणि रोज तसंच. आज उपाशीपोटी, उद्या कोंबडी खाल्ल्यावर, असं केलंत तर मात्रा तीच असून परिणाम वेगळा दिसेल. मी बंड्याला आधी चमचाभर भातात तेल घालून देते, ते चाटून झालं की ताट. संपूर्ण ताटात मिसळलं आणि त्याने अर्धं सोडलं, तर किती पोटात गेलं कळत नाही. तोंडातच द्यायचं असेल तर डोकं वर करू नका. ओठाचा कोपरा बाजूला ओढून गाल आणि दाढा यांच्या मध्ये हळूहळू सोडा, त्याला गिळायला वेळ द्या. ज्यांना पूर्वी स्वादुपिंडाची सूज आली होती अशा कुत्र्यांना तुपाबरोबर देण्याच्या भानगडीत पडू नका. रोजचं दोन-अडीच मिली तेलच त्यांना भारी पडू शकतं, हे डॉक्टरांना विचारा.

डिसेंबरात पुण्यात खोबरेल गोठतं. गोठलेल्या बाटलीतलं वरचं पातळ तेवढं ओढलं तर मात्रा चुकते. बाटली मुठीत धरून पातळ करा, हलवा, मग सिरिंज भरा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. उजेडापासून दूर, आणि कुत्र्याच्या तोंडाला पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. भातासोबत चव लागली की बाटली चावून फोडायला ते मागेपुढे बघत नाहीत.

काय बघायचं, काय लिहायचं

पहिल्या आठवड्यात थोडी सुस्ती, पातळ शी, एखादी उलटी दिसू शकते. मात्रा निम्मी करा, थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर बंद.

रक्ताचे आकडे बदलतात ते बाहेरून दिसत नाही. जवळपास सगळ्या चाचण्यांमध्ये काही कुत्र्यांचं अल्कलाइन फॉस्फेटेज (लिव्हरच्या रिपोर्टमधला एक आकडा) चढलेलं सापडलं, एका अभ्यासात एका मांजरीचं एसजीपीटीही (त्याच रिपोर्टमधला दुसरा आकडा) चढलं. निरोगी कुत्र्यांना किलोमागे ४ मिलिग्रॅम रोज सहा महिने दिलेल्या अभ्यासातही बाकी काही वाईट झालं नाही, पण फॉस्फेटेज काहींचं वाढलंच. त्यामुळे सुरू करण्याआधीचा रिपोर्ट, एका महिन्याने दुसरा, तीन महिन्यांनी तिसरा, पुढे दर सहा महिन्यांनी. आम्ही पहिल्या आणि दुसऱ्या रिपोर्टच्या मध्ये नवीन काही सुरू केलं नाही, म्हणजे आकडा हलला तर कशामुळे ते कळेल.

फरक पडतोय का हे डोळ्यांवर सोडू नका. प्लासिबो (औषध नसलेला नकली डोस) दिलेल्या कुत्र्यांच्या मालकांनाही "बराच बरा वाटतोय" असं वाटतं, हे चाचण्यांमधून वारंवार दिसलं आहे. आपण पैसे घातलेले असतात, जीव अडकलेला असतो. मोबाइल एकाच जागी टेकवून आठवड्यातून एकदा तोच व्हिडिओ काढा: झोपेतून उठताना, जिना चढताना, मोरीच्या ओल्या फरशीवर वळताना. सहा आठवड्यांनी पहिला आणि शेवटचा व्हिडिओ अशा माणसाला दाखवा ज्याला तेलाबद्दल माहीत नाही. आमच्याकडे ते काम खालच्या मजल्यावरच्या काकांनी केलं.

याच काळात घरात लादीवर रबरी चटया टाका, वजन जास्त असेल तर उतरवा, नखं कापा. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतली कुठलीही गोळी "आज जरा जास्तच दुखतंय" म्हणून देऊ नका. मांजर पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मरू शकतं. गिधाडांच्या मृत्यूमुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, पण माणसांची पट्टी प्रत्येकाच्या डब्यात असतेच.

झोकांड्या जायला लागल्या तर

चुकीच्या तेलामुळे, किंवा होळीला-महाशिवरात्रीला कुणीतरी उरलेली थंडाई बाहेर ठेवल्यामुळे, किंवा गच्चीवरच्या पार्टीतल्या भांगेच्या भज्यांमुळे, टीएचसी पोटात गेलं की चित्र ओळखता येतं. अर्ध्या तासापासून दोन-तीन तासांच्या आत कुत्रा उभ्या उभ्या डुलतो. डोळे अर्धवट मिटतात आणि बुबुळं मोठी दिसतात. चेहऱ्यापुढे हात हलवला की दचकून मागे झुकतो. थेंब थेंब लघवी होते आणि त्याला कळतही नाही. अंग गार पडतं, नाडी मंदावते. काही कुत्रे उलट बेचैन होऊन भुंकत सुटतात.

बहुतेक जण एक-दोन दिवसांत बरे होतात, पण दवाखान्यात न्यायचंच. रस्त्यात गुंडाळून ऊब द्या, अंधार आणि शांतता ठेवा, मान पुढे ठेवा. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. माणसाच्या भांगेवर लिंबू, ताक, चिंचेचं पाणी असे उतारे आपण ऐकलेले असतात. गुंगीतल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतलं की ते श्वासनलिकेत जातं. बाटली सोबत घ्या. आणि डॉक्टरांना खरं सांगा. "काय खाल्लं माहीत नाही" या उत्तराने उंदराच्या विषापासून मेंदूज्वरापर्यंत सगळं तपासण्यात दोन तास जातात. ते पोलिसांना फोन करत नाहीत, त्यांना फक्त उपचार ठरवायचे असतात. गावाकडे जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर विचारा.

नुसती सुस्ती नसून बेशुद्धी, झटके, श्वास अडकणं असेल तर वाट बघण्याची सोय नाही. थंडाईत मनुके किंवा भांगेच्या बर्फीत चॉकलेट असेल तर ते वेगळं विष आहे, तेही सांगा.

थांबवायचं कधी

योग्य बाटली, पूर्ण मात्रा, जेवणासोबत, सहा ते आठ आठवडे. एवढ्यात व्हिडिओत काही दिसलं नाही तर बंद करा. लिव्हरचे आकडे चढत राहिले तरी बंद. फिट्सच्या कुत्र्याला मात्र एका दिवसात थांबवू नका, डॉक्टर सांगतील तसं उतरवत आणा.

बंड्याला आम्ही किलोमागे एक मिलिग्रॅमवर ठेवलं, म्हणजे ०.६ मिली दोनदा. मेलॉक्सिकॅम डॉक्टरांनी कमी केलं, बंद नाही केलं. फॉस्फेटेज पहिल्या महिन्यात थोडं चढलं आणि तिथेच राहिलं. काकांना दोन व्हिडिओ दाखवले तेव्हा ते म्हणाले, "या दुसऱ्यात तो पाचव्या पायरीवर थांबतोय." मग जरा थांबून म्हणाले, "पण या दुसऱ्यात जिन्याला चटई पण आहे."